परूश्यांची बाजू घेणारी बाई

नाताळ अंकासाठी लेख मागताना संपादकांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुमच्या सेवेतल्या आठवणी लिहा. दुसरी त्यांनी जरा चाचरतच सांगितली: तो यहूदी लोकांचा विषय शक्यतो टाळा, वाचक नाराज होतात. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आता लिहायला बसल्यावर दुसऱ्या कशावर लिहावं असं मला वाटतच नाही. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

सुरतेतल्या एका मराठी मंडळीत मी अठ्ठावीस वर्षं सेविका होते. बाहेरच्यांना हे काम माहीत नसतं म्हणून सांगते. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती ही कामं पाळकांची. उरलेलं सगळं सेविकेचं. आजाऱ्याजवळ बसायचं, सासू-सुनेला समोरासमोर आणायचं, कुठल्या सोसायटीत नवं ख्रिस्ती कुटुंब राहायला आलंय ते शोधून काढायचं, आणि दृढीकरणाचा वर्ग घ्यायचा. आपल्यात लहानपणी आईबाप बाळाचा बाप्तिस्मा करवून घेतात. मोठेपणी माणसानं स्वतः उभं राहून हा विश्वास माझा आहे असं सगळ्यांसमोर सांगायचं, ते दृढीकरण. त्याआधी सहा महिने वर्ग असतो. शेवटी परीक्षाही होते, पण मी कधी कुणाला नापास केलं नाही.

मी मूळची श्रीरामपूरकडची. मिस्टरांच्या नोकरीमुळे सुरतेला आले. आमच्या मंडळीत माझ्यासारखी नोकरदार घरं थोडी. बाकी सगळे खानदेशातले, साक्री-पिंपळनेर-नवापूरकडून लूमवर कामाला आलेले. त्यातलीच एक सुनंदा. तिशीची, दोन लेकरांची आई. नवागामच्या एका खोलीत राहायची आणि घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. तिचं दृढीकरण राहून गेलं होतं म्हणून ती कोवळ्या पोरींबरोबर वर्गात बसायची. बोलायची कमी, पण बोटांना लागलेला डिंक खरवडत सगळं ऐकायची.

एका रविवारी मी येशूचं बालपण शिकवत होते. मंदिरात गेला, सण पाळले, वगैरे. सुनंदानं मान वर केली आणि विचारलं, "बाई, येशू ख्रिस्ती कव्हय व्हयना?"

म्हणजे, येशू ख्रिस्ती कधी झाला.

पोरी हसल्या. मी म्हटलं, अगं, तो स्वतःच ख्रिस्त, तो ख्रिस्ती कशाला होईल. पोरी पुन्हा हसल्या, सुनंदा हसली नाही. मी पुढचा धडा काढला. घरी जाताना मात्र मला आतून टोचत राहिलं. बारा वर्षं मी शिकवत होते, आणि एका सरळ प्रश्नाला मी शाब्दिक कोटी करून टाळलं होतं. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: कधीच नाही. तो यहूदी म्हणून जन्मला, यहूदी म्हणून जगला आणि तसाच मेला. हे मला माहीत होतं. पण यहूदी असणं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करणं, ते मला अजिबात माहीत नव्हतं. बोलत होते मात्र रोज.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीच्या वॉचमननं मला सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती मावशी राहायला आल्या आहेत, हन्नाबाई नावाच्या. हन्ना म्हणजे आपल्यातलंच नाव. मी गेले. दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या, नऊवारी नाही पण साडी घट्ट चोपून नेसलेल्या, मराठी अलिबागकडचं. मी बसले, ओळख सांगितली, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. घराला आशीर्वाद दे, प्रकृतीला आराम दे, येशूच्या नावाने मागते. आमेनसाठी थांबले. समोरून काही आवाज येईना.

डोळे उघडले तर हन्नाबाई माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या. म्हणाल्या, "प्रार्थना चांगली होती. पण आमेन काही मला म्हणता येणार नाही. मी यहूदी आहे. चहा ठेवू?"

कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या लोकांतल्या त्या. नवरा बँकेत होता, तो वारला. मुलगी परदेशी. सुरतेत त्यांच्या धर्माचं ओळखीचं एकही घर नव्हतं. मला भयंकर लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी कामाची जुनी सवयही जागी झाली. एकटी म्हातारी बाई, शास्त्र अर्धं ठाऊक असलेली. अशी माणसं वळवायची असतात, आम्हाला हेच शिकवलेलं.

त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. चहा देताना म्हणाल्या की येत जा, मला बोलायला माणूस हवंय, विचाराल ते सांगेन. अट एवढीच, मला बदलायला यायचं नाही. मी कबूल केलं. त्या क्षणी ते तोंडदेखलं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

निघताना त्यांनी दाराच्या चौकटीवर तिरप्या बसवलेल्या एका बोटभर डबीला हात लावून बोटं ओठांना टेकवली. मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, आत चामड्यावर लिहिलेले शब्द आहेत. कोणते? त्यांनी सांगितले. देव एकच आहे, त्याच्यावर पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं, पूर्ण शक्तीनं प्रेम करा, अशा अर्थाचे.

मी तिथेच उभी राहिले. येशूला कुणीतरी सगळ्यांत मोठी आज्ञा विचारली, तेव्हा त्यानं नेमकं हेच उत्तर दिलं. बारा वर्षं मी ते मुलांकडून पाठ करून घेत होते, आणि येशूनं जगाला दिलेली नवी शिकवण म्हणून सांगत होते. नवी कसली! तो आपल्या आईच्या घरात रोज म्हटली जाणारी प्रार्थना म्हणून दाखवत होता. ती प्रार्थना पर्वत पाटियाच्या दुसऱ्या मजल्यावर चौकटीला ठोकलेली होती.

मग दर बुधवारी मी जाऊ लागले. एकदा शुक्रवारीही गेले आणि त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू होण्याआधी, सूर्य मावळायच्या आत त्या काचेच्या ग्लासात पाणी आणि तेल घालून वात कशी लावतात, ते पाहिलं. आमच्या वर्गाला आम्ही शब्बाथशाळा म्हणतो आणि ती रविवारी भरते, हे ऐकून त्या खूप हसल्या. शब्बाथ तर आदल्या संध्याकाळीच संपला, मग तुम्ही शाळेत शिकवता काय, म्हणाल्या. परूश्यांबद्दल मी त्यांना विचारलं. परूशी हा येशूच्या काळातल्या यहूदी शास्त्र्यांचा पंथ, पण आपल्यात ती शिवी. ढोंगी माणसाला आपण परूशी म्हणतो. हन्नाबाईंना ते पहिल्यांदा कळलंच नाही. त्या म्हणाल्या, ते तर आमचे गुरुजी, त्यांनीच आम्हाला टिकवलं. मी म्हटलं, पण येशू त्यांच्याशी इतका भांडतो. त्यावर त्यांनी सांगितलेलं मी विसरले नाही. आमच्यात शास्त्रावरून वाद घालतात तो आपल्या माणसाशी, म्हणाल्या. परका माणूस चहा पिऊन निघून जातो. तो भांडतो म्हणजे घरातला आहे.

आता मला माझ्या नाटकाबद्दल लिहायला हवं. इतकं सगळं सांगून ते लपवलं तर लेखाला अर्थ नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, आमच्या मंडळीत दुपारी नाटक व्हायचं. लिहायची मी, बसवायची मी. अकरा वर्षं एकच संहिता. त्याबद्दल मला फार अभिमान होता. शहराबाहेरच्या कडोदऱ्यापर्यंतची माणसं बघायला यायची. त्या वर्षी मी हन्नाबाईंना बोलावलं. दोन-तीन महिन्यांच्या बुधवारांनंतरही माझ्या डोक्यात आलं नाही की मी कुणाला काय बघायला बोलावते आहे. माणूस स्वतःचं लिखाण किती आंधळेपणानं वाचतो!

हन्नाबाई शेवटच्या रांगेत बसल्या. माझ्या नाटकात येशू पांढऱ्या झग्यात, त्याची आई मरिया निळ्या साडीत. बाकीचे सगळे, याजक, परूशी, गर्दी, काळ्या दाढ्या लावलेले, मेणाची वाकडी नाकं चिकटवलेले. येशूचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर येवो, असं गर्दी ओरडते तो प्रसंग नाटकात होता. शास्त्रात ते वाक्य एकदाच आहे. माझ्या नाटकात गर्दी ते तीनदा ओरडायची, कारण तिथे सभागृह थरारायचं.

सूर्य कलायला लागला तशा हन्नाबाई दिव्यासाठी उठून गेल्या. मला वाटलं, आवडलं असावं.

बुधवारी गेले तेव्हा त्यांनी पोरींच्या पाठांतराचं कौतुक केलं. कपडे कुणी शिवले, विचारलं. चहा झाला. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "सुलोचनाबाई, ज्या मुलांवर ते रक्त यायचं होतं, ती मुलं म्हणजे आम्हीच ना?"

रागानं नाही म्हणाल्या. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मग त्यांनीच विषय बदलला आणि मुलीच्या पत्राबद्दल सांगायला लागल्या. मी घरी आले आणि ती अकरा वर्षांची वही कपाटातून काढून स्वयंपाकघरात बसून पहिल्यापासून वाचली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी पोरांना शिकवत होते, आणि दर वर्षी दाढ्या-नाकं चिकटवून तीच मोडत होते. येशूची आई, येशूचे शिष्य, येशू स्वतः, सगळे त्या गर्दीच्याच घरातले होते. मी त्यांना वेगळे कपडे घालून तोडून टाकलं होतं.

मला नेहमी विचारतात, ख्रिस्ती माणसानं यहूदी धर्म शिकायलाच हवा का? तारणासाठी हवा असं मी कधी म्हटलं नाही. पण खोटं न बोलण्यासाठी हवा. ज्याच्या घरात आपण राहतो त्याच्याबद्दल निदान खरं बोलावं, एवढंच माझं म्हणणं. आणि ते मी मागे घेणार नाही.

पुढच्या वर्षी मी संहिता बदलली. सगळ्यांना एकसारखे साधे कपडे, येशूच्याही डोक्यावर वस्त्र. नाकं नाहीत. गर्दीतली निम्मी माणसं रडणारी, कारण शास्त्रात तसंही लिहिलंय. तो आरोळीचा प्रसंग काढला आणि त्या जागी शुक्रवारची संध्याकाळ घातली: मुलाला पुरून आलेली मरिया, दिवा लावायची वेळ झाली म्हणून हात धुते.

मंडळीच्या कमिटीनं मला बोलावलं. सेक्रेटरी होते शमुवेलभाऊ, डाइंग मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. आमचं प्रार्थनागृह त्यांनी स्वतः विटा उचलून बांधलं आहे. ते म्हणाले, बाई, इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. जुना करार, येशूच्या आधीचं सगळं शास्त्र, ही परांची होती. आता ख्रिस्त आला, तिची गरज नाही.

मी म्हटलं, "शमुवेलभाऊ, परांचीवर माणसं राहत नाहीत. हे लोक राहतात. अजून जिवंत आहेत. एक पर्वत पाटियाला आहेत, चला, ओळख करून देते."

तेव्हा त्यांनी मनातली खरी भीती सांगितली. आपण इथं मूठभर माणसं, शेजारी आधीच आपल्याला परके समजतात. आता मुलांना सांगायचं की आपला प्रभू यहूदी होता? लोक काय म्हणतील? ही भीती मला कळते. मीही त्याच शहरात राहते. पण मी म्हटलं की सांगायचंच, आणि या टेबलाभोवती शमुवेल, याकोब, दाविद आणि योना बसले आहेत, त्यांनी आधी आपापली नावं कुठून आली ते घरी जाऊन विचारावं. हे बोलायला नको होतं. याकोबभाऊंना राग आला.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट माझ्यावर आली, आणि ती खरी होती. वर्गातल्या एका हुशार मुलीनं सगळं ऐकून दृढीकरणाला नकार दिला होता. यहूदी लोक देवाचेच असतील तर मला आधी विचार करू दे, म्हणाली. ती परत आलीच नाही. तिची आई पुढे कितीतरी वर्षं माझ्याशी बोलली नाही. त्या मुलीची आठवण आली की अजून मन खट्टू होतं. तिला मी घाई केली का, एकटी सोडली का, ठाऊक नाही. पण तिला खोटं शिकवून ठेवून घ्यायला हवं होतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

कमिटीनं नाटक रद्द केलं आणि वर्ग माझ्याकडून काढून घेतला.

सुनंदाला हे कळलं तेव्हा ती साडी पसरून बसली होती. खडा न उचलता म्हणाली, "मनं घर शे ना, बाई. आठेच शिकाडा."

माझं घर आहे, इथेच शिकवा. आणि नवागामच्या त्या खोलीत वर्ग सुरू झाला. सात-आठ बायका आपापल्या साड्या घेऊन यायच्या. हात चालू, कान माझ्याकडे. मी स्तोत्रं घ्यायची, सण घ्यायची, येशू कुठल्या सणाला यरुशलेमेला गेला आणि का गेला ते सांगायची. घरी अहिराणी बोलणाऱ्या, शहरात गुजराती बोलणाऱ्या, चर्चमध्ये पुस्तकी मराठी बोलणाऱ्या त्या बायकांना, देव एक आणि राहायला परका मुलूख हे समजावून सांगावं लागलं नाही. इतका चांगला वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता.

त्या बायकांनीच पुढच्या उत्तम शुक्रवारी गल्लीत नाटक करायचं ठरवलं. तीनला सुरू करायचं, म्हणजे हन्नाबाईंना दिव्याला घरी जाता येईल. त्यांना बोलवायला मी घाबरत होते, सुनंदा जाऊन सांगून आली. त्या रिक्षानं आल्या, लोकांनी दिलेल्या खुर्चीवर बसल्या. सुनंदा मरिया झाली होती. शेवटच्या प्रसंगात तिनं दिव्यासमोर हात जोडले आणि हन्नाबाई खुर्चीवरून उठल्या. नाटक थांबलं. त्या सुनंदाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, असं नाही, डोळे झाकायचे, तळहातानं. करून दाखवलं. सुनंदानं केलं. मग त्यांनी हळू आवाजात एवढंच सांगितलं की वात पेटवू नका आणि आशीर्वादाचे शब्द म्हणू नका, ते आमचे आहेत, हात मात्र बघून घ्या. सुनंदा मान डोलावून न पेटवलेल्या दिव्यासमोर डोळे झाकून बसली. 

ही सीमा मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे उलट बाजूचीही माणसं भेटली. कडोदऱ्याच्या एका प्रार्थना गटानं मला मोठ्या आदरानं बोलावलं, तुम्ही यहूदी गोष्टींच्या जाणकार म्हणून. तिथे पुरुषांनी गोल टोप्या घातलेल्या, एकजण मेंढ्याचं शिंग फुंकत होता, आणि सगळे यहूदी सण आम्ही आता पाळतो म्हणून सांगत होते. मी विचारलं, कुठल्या यहूदी माणसाकडून शिकलात? कुणाकडूनच नाही. कधी भेटलात? नाही. मग मी म्हटलं की हे शिकणं नाही, दुसऱ्याचे कपडे घालून आरशात बघणं आहे. त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. अशा रीतीनं दोन्हीकडच्यांच्या मागची माझी कटकट संपली.

दोन वर्षांनी नवे पाळक आले, त्यांनी वर्ग मला परत दिला. नाटक दिलं नाही. नवागामचा वर्ग मी बंद केला नाही, दोन्ही घेत राहिले.

हन्नाबाईंकडे मी सोळा वर्षं गेले. निवृत्त झाल्यावरही बुधवार सुटला नाही. पहिल्या दिवशी तोंडदेखली कबूल केलेली अट केव्हा मनापासूनची झाली ते मला सांगता येणार नाही. गेल्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. अहमदाबादेत त्यांचे नातेवाईक होते, त्यांना मीच फोन केले. एका सकाळी त्या गेल्या. त्यांच्यात मूठमाती लांबवत नाहीत, आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सुरतेत दहा कुठले! दोन गाड्या भरून माणसं दुपारपर्यंत आली आणि हन्नाबाईंना अहमदाबादेला घेऊन गेली. सोसायटीच्या आवारात सुनंदा आणि वर्गातल्या बायका उभ्या होत्या. शमुवेलभाऊही आले होते, आता बरेच थकलेले. त्यांनी टोपी काढली, मग बाकीच्या पुरुषांच्या झाकलेल्या डोक्यांकडे पाहून पुन्हा घातली.

परतताना ते आणि मी एका रिक्षात बसलो. वाटेत त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या कामात शेवटी प्रत्येकाबद्दल विचारला जातो. शेवटी हन्नाबाईंनी ख्रिस्ताला स्वीकारलं का?

नाही, असं मी सांगितलं.

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

"मग सोळा वर्षं तिथे जाऊन केलंत काय?"

"शिकले," मी म्हटलं.

ते बाहेर बघत राहिले. त्यांचं वळण आलं तसे उतरले, आणि उतरल्यावर रिक्षाचा दांडा धरून क्षणभर थांबले, मग घराकडे वळले. मी रिक्षावाल्याला नवागामला घ्यायला सांगितलं. चारचा वर्ग होता, आणि बायका माझ्या मागून येतच होत्या.